मुरमावरचं अंगण

महेशचा फोन आला तेव्हा मी नेकनूरच्या स्टँडवर अंबाजोगाईच्याच गाडीची वाट बघत उभा होतो. "मामा, आई गेली... झोपेतच," एवढंच तो बोलू शकला. विमलअक्का, माझी थोरली बहीण. दोन दिवसांपूर्वीच तिनं मला बजावलं होतं, "रिकाम्या हातानं येऊ नको, शेणखत आण." खताची ती गोणी माझ्या पायाशी होती. ती घेऊनच मी गाडीत चढलो.

त्याला आता दीड महिना झाला. अक्का अंबाजोगाईला दवाखान्यात नर्स होती. भावजी लवकर गेले, महेशला तिनं क्वार्टरच्या दोन खोल्यांत एकटीनं वाढवलं. तिथं माती म्हणून नव्हती. तुळस तेलाच्या डब्यात, मोगरा तसाच दुसऱ्या डब्यात. रिटायर झाल्यावर गावाबाहेरच्या माळावर तिनं घर बांधलं, तेव्हा नकाशात खोल्या किती यापेक्षा मोकळी जागा किती उरते तेच ती बघत होती.

बांधकाम संपलं आणि ती जागा उघडी पडली. विटांचे तुकडे, थिजलेलं सिमेंट आणि खाली कडक मुरूम. महेश म्हणाला, "पेव्हर ब्लॉक टाकू आई. धूळ नको, चिखल नको."

"सगळी नोकरी फरशीवर चालले रे," अक्का म्हणाली, "आता तरी पायाखाली माती असू दे."

तिला मोठ्या डॉक्टरांच्या बंगल्यापुढं असते तशी हिरवळ हवी होती. आमच्या शेतातली काळी माती ट्रॅक्टरनं आणून पसरली, गवत लावलं, गुलाब लावले. पण पावसाळ्यात मातीखालच्या मुरमावर पाणी तुंबून मुळं सडली आणि उरलंसुरलं उन्हाळ्यानं नेलं. मी गेलो तेव्हा अक्का त्या वाळल्या गवतात बसली होती. भावजी गेले तेव्हाही चारचौघांत न रडलेली ती बाई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "या हातांनी किती माणसं उठवली रे... आन् एवढं गवत जगंना."

हातगाडीवर फळं विकणारे उस्मानभाई रोज त्या रस्त्यानं जायचे. त्या दिवशी गाडी लावून ते फाटकापाशी आले. "सिस्टरबाई, कावून रडायलाव? मुरूम काय वाईट न्हाई. बालाघाटाच्या डोंगरात सीताफळाला कोण काळी माती घालतंय?"

अक्कानं डोळे पुसले. मग उठली.

दुसऱ्या दिवशी तिनं गवंड्याकडची पारदर्शक नळी आणली, तिच्यात पाणी भरलं, एक टोक माझ्या हातात दिलं. "हलू नको रे! पाणी हललं की माप चुकतं." दोन्ही टोकांच्या पाण्याची पातळी जुळवत आम्ही सगळ्या अंगणाचा उतार काढला. फाटकाकडं पळून जाणारं पावसाचं पाणी तिनं दगडांच्या बुटक्या बांधांनी झाडांच्या खड्ड्यांकडं वळवलं. साठी उलटलेली बाई पहारीनं मुरूम फोडत होती. महेशनं दोन दिवस गॅलरीतून बघितलं. तिसऱ्या दिवशी कामावर सुट्टी टाकून टिकाव घेऊन तो खाली उतरला.

सीताफळं, शेवगा, बहावा, कुंपणाला करवंद. मधली वाट एवढी रुंद कशाला, असं मी विचारलं. "स्ट्रेचर निघालं पाहिजे," ती सहज म्हणाली. शेवटी नर्सच ती! ती गेली त्या दिवशी चार खांद्यांवरून त्याच वाटेनं निघाली... कुठंही अडली नाही.

तिसऱ्या वर्षी सीताफळं लागली. पहिली पाटी उस्मानभाईंच्या घरी गेली. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या, मग अक्का नळी काखेत मारून त्यांच्याकडं उतार काढायला जायची. एकदा घर बघायला आलेल्या एका इंजिनियरनं विचारलं, "बाहेरचं डिझाइन कुणाकडून केलंत?"

"माझं हाय," ती म्हणाली. मेडल मिळालं असतं तरी ती एवढ्या ताठ मानेनं बोलली नसती. मीही तेव्हा उगीचच शर्ट नीट केला... नळीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं ना!

रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती झाडांमधून फिरायची. त्याला 'राउंड' म्हणायची. मागच्या रविवारी मी तिथं होतो. महेश कप घेऊन बाहेर पडला, सीताफळापाशी थांबला, एक पान उलटं करून त्याची मागची बाजू न्याहाळू लागला.

"काय बघतोस रे?" मी विचारलं.

"माहीत नाही मामा," तो म्हणाला. "आई बघायची." आणि पुढच्या झाडाकडं गेला.