दुसरं काहीतरी नाव सांग

“आम्ही मराठी नर्स मागितली होती.”

तो हे इंग्रजीत बोलला, माझ्या मॅनेजरशी. माझ्याकडे न बघता. आणि त्या वेळी त्याच्या आईचा हात माझ्या हातात होता.

आजी आमच्या शहराच्या हॉर्नबी उपनगरात मुलाच्या घरी बाथरूममध्ये पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. पुण्याहून नुकत्याच आलेल्या, इंग्रजीचा गंध नाही. आमच्या हॉस्पिटलात मराठी बोलणारी मी एकटी, म्हणून मला दुसऱ्या वॉर्डातून बोलावून घेतलं. मी नुसतं “आजी, कुठे दुखतंय?” विचारलं आणि त्यांनी माझा हात जो धरला तो सोडेनात. माझा स्कार्फ त्यांना दिसत होता. त्यांना त्याचं काही नव्हतं. जीव चालला होता त्यांचा.

मग मुलगा आला. स्कार्फ बघितला, बॅजवरचं नाव वाचलं.

“ही मराठीच आहे,” मॅनेजर त्याला म्हणाली.

“शी इज मुस्लिम,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही. चांगला शिकलेला, सभ्य माणूस. मग आईकडे वळून मराठीत म्हणाला, “आई, हिने तुझं सगळं केलेलं चालेल का तुला?”

आजींनी माझ्याकडे पाहिलं. मुलाकडे पाहिलं. “तू म्हणशील तसं,” म्हणाल्या. आणि हात काढून घेतला.

मॅनेजर मला बाहेर घेऊन आली. ही गोरी बाई वाईट नाही, हेच तर दुखतं. मागे एका शुक्रवारी इथल्या मशिदीत गोळीबार झाला, आमची माणसं नमाज पढताना मेली, त्याच्या पुढच्या शुक्रवारी हिने दिवसभर डोक्यावर स्कार्फ बांधला होता. पिना माझ्याकडूनच मागून घेतल्या होत्या. मला मिठी मारून रडली होती. आता तीच मला समजावत होती, की पेशंटला कल्चरली सेफ वाटलं पाहिजे. हा शब्द इथल्या मूळ रहिवासी माओरी नर्सेसनी भांडून आणला. दुबळ्या माणसाला हॉस्पिटलात अपमान सोसायला लागू नये म्हणून. तो माझ्यावर असा उलटा येईल असं मला वाटलं नव्हतं.

तिने तोडगाही काढला होता. ऑपरेशनला आजींची संमती हवी होती आणि ती घरच्या माणसामार्फत घ्यायची नाही असा नियम. सुट्टीचा दिवस, बाहेरचा दुभाषी मिळेना. “तू ऑफिसातून फोनवर बोल. त्यांना कळायची गरज नाही तू आहेस ते. फक्त नाव सांगू नकोस. यू आर अ स्टार.”

मी ऑफिसात जाऊन बसले. रिकाम्या खोलीत. समोर फोन. मला हुंदका येत होता आणि तो येऊ द्यायला वेळ नव्हता.

इथे मिसळून जा, असं आम्हाला सगळे सांगतात. मी काय करायचं बाकी ठेवलं? वॉर्डात खाऊ नेते, कुणी विचारलं तर किती तिखट आहे तेही सांगते. पोरीला शनिवारी नेटबॉलला नेते. ती घरात इंग्रजीच बोलते, तेही सोसते. पंतप्रधानांपासून पावसापर्यंत सगळ्यांशी सगळं बोलते. पण मराठी मला कुणाकडून शिकावी लागली नव्हती. कराडात जन्मले, घरात हीच भाषा, शाळा हीच, भांडणं हीच. मुंबईला नर्सिंगला गेले तेव्हापासून लोक म्हणतात, “तुम्ही मराठी किती छान बोलता.” मी हसून सोडून द्यायची. गोऱ्यांनी परकं म्हटलं तर माझ्याकडे उत्तर असतं. माझ्याच भाषेतून मला उठवलं तर मी जायचं कुठे?

फोन वाजला. मुलाला खोलीबाहेर पाठवलं होतं. आजींच्या पलंगापाशी फोन स्पीकरवर ठेवून सर्जन इंग्रजीत सांगत गेला, मी मराठीत. काय कापणार, काय बसवणार, काय धोका. आजींनी नीट विचारलं, मी नीट सांगितलं. एक शब्द खाल्ला नाही. शेवटी आजी “करा” म्हणाल्या.

मग हळू आवाजात, “सकाळचीच ना गं तू? आवाज ओळखला मी. कुठली?”

“कराडची, आजी.”

“अगोबाई. माझं माहेर तिथलंच, उंब्रज.” मग आणखी हळू, “पोरी, तूच येत जा फोनवर. ह्याला कळू देऊ नकोस. नाव विचारलंच तर दुसरं काहीतरी सांग.”

मायेने म्हणाल्या. शपथेवर सांगते, मायेने. मुलाच्या बोलण्याने मी मेले नव्हते. ह्या मायेने माझ्यात काहीतरी तुटलं. सगळ्यांना मी हवी होते. माझे हात हवेत, माझी मराठी हवी. फक्त मी दिसायला नको.

मी फोन ठेवला आणि वॉर्डात चालत गेले. मुलगा परत येऊन आईपाशी उभा होता, मॅनेजर दाराशी. मी पलंगाजवळ गेले आणि नाव सांगितलं. माझं, वडिलांचं, आडनाव. मग मुलाला मराठीत म्हटलं, “तुमच्या आईंना ऑपरेशन मान्य आहे. फोनवर मीच होते. तुम्ही मराठी नर्स मागितली होती, ती मी.”

त्याने इंग्रजीत मॅनेजरला हाक मारली. आजींनी डोळे मिटून घेतले.

तक्रार झाली. मला त्या वॉर्डात पाठवणं बंद झालं. मॅनेजर म्हणते, एवढी एकच गोष्ट मागितली होती तुझ्याकडे. नवरा म्हणतो, जाऊ दे, ड्यूट्यांचं रोस्टर त्यांच्या हातात आहे. रोस्टर त्यांच्या हातात आहे, खरं आहे. मी रात्री नीट झोपत नाही, हेही खरं आहे.

पण कुणीतरी पुन्हा पडणार, पुन्हा मराठीत कण्हणार, आणि पुन्हा मलाच बोलावणार. मी जाईन. पलंगापाशी उभी राहीन. आधी नाव सांगेन, पूर्ण, मग दुखणं विचारीन. नको असेल तर मला तोंडावर जा म्हणा, सगळ्यांदेखत, मराठीत. फोनमागे मी आता बसणार नाही.