डावा हात खाली

माझी नात हेलिकॉप्टर चालवायला शिकते. हे वाक्य मी बाजारात, लग्नात, दवाखान्याच्या बाकावर, कुठंही टाकते आणि समोरच्या बाईचं तोंड बघत बसते. लिहायला बसले तर इथंही तेच आधी लिहून झालं. राहू द्या आता.

यंदा संक्रांतीच्या सुट्टीत ती घरी आली आणि चपला काढून सरळ माझ्या बाजेवर आडवी झाली. धड जेवली नाही. तिच्या आईला वाटलं, प्रवासाचा शीण. पण ही पोर शिणली की जास्त बडबडते, माझ्यावरच गेलीय ती. आज गप्प होती. मी तुरीच्या शेंगा घेतल्या आणि सोलत तिच्या उशाशी बसले.

"काय झालं ते सांगतीस, का लावू तुझ्या सरांना फोन?"

"आज्जी, त्यांचा नंबर तरी हाय का तुझ्याकडं?"

"न्हाई. पण तू भ्यालीस तर खरी."

जरा हसली. मग म्हणाली, "तुला न्हाई कळायचं गं."

"कळेपर्यंत सांग."

मी शाळेत गेलेली नाही. पोरांची पुस्तकं चुलीपुढं बसून चाळत, एकेक अक्षर विचारत वाचायला शिकले. त्यामुळं पुन्हा पुन्हा विचारायची मला लाज नाही. तिनं सांगितलं आणि मला कळलं ते असं. घरातला पंखा वारा खाली ढकलतो, पण तो कडीला अडकवलेला असतो, जाणार कुठं? हेलिकॉप्टरची पाती वारा खाली ढकलतात आणि त्या जोरावर अख्खं यंत्रच वर जातं. पाती एका अंगाला फिरली की खालचं धड उलट्या अंगाला फिरायला बघतं. त्याला सरळ धरायला शेपटीला एक लहान पंखा असतो, तो पायांनी सांभाळायचा. उजव्या हातात दांडी, ती कलवाल तिकडं जायचं. आणि डाव्या हाताशी, जीपच्या हँडब्रेकसारखा, एक दांडा. तो उचलला की सगळी पाती एकदम तिरपी होतात, जास्त वारा दाबतात, आपण वर. खाली केला की पाती सपाट, आपण खाली.

"आन् इंजन बंद पडलं तर?" मी विचारलं.

ती भिंतीकडं वळली. दुखत होतं ते तिथंच.

"तर दांडा खाली करायचा," ती हळूच म्हणाली. "लगेच. विचार न करता."

"अगं, पडायलंय ते, आन् आणखी खाली?"

"हां, खालीच. पाती सपाट झाली की खालून येणारा वाराच त्यांना फिरवत ठेवतो. जमीन जवळ आली की नाक थोडं वर घेऊन वेग मोडायचा, आणि अगदी शेवटी दांडा उचलायचा. पात्यांत उरलेल्या जोरावर अलगद टेकायचं. पण आधी खाली न्हाई केला, तर तिरपी पाती वाऱ्याला अडून मंदावतात. मंदावली, की संपलं."

तिला सगळं पाठ होतं. कागदावरच्या परीक्षेत तीच पहिली. पण सरावाला सरांनी इंजिनाचा जोर एकदम कमी केला आणि तिचा हात वर गेला. पुन्हा केलं, पुन्हा वर. दोन्ही वेळा शेजारी बसलेल्या सरांनीच यंत्र सांभाळलं.

"पडायलोत म्हणलं की हात वरच ओढतो गं आज्जी. परत गेले की एकदाच बघणार हायेत. तवाबी वर गेला, तर मला एकटीला उडू देणार न्हाईत. मग मी येते घरी. बी.एड. करते."

चालायला लागल्यापासून ही पोर आभाळात काही घरघरलं की अंगणात धावणारी. बी.एड. वाईट नाही, पण ती ज्या आवाजात म्हणाली तो आवाज मला बघवला नाही. म्हणजे ऐकवला नाही.

सांगण्यासारखं माझ्याकडं काय होतं? मी विमानसुद्धा जवळून पाहिलेलं नाही. उगी काहीतरी बोलायचं म्हणून मी पेरणीचं बोलले. मी नवी नवरी असताना तिफणीमागं चाड्यावर मूठ धरायला मला लावलं होतं. चाडं म्हणजे ज्यातून बी खाली जमिनीत पडतं ते. मुठीतून बी सारखं सोडायचं, आणि बैल थबकले की मूठ तिथंच मिटायची, नाहीतर बियाचा ढीग एका जागी. मला सगळं कळायचं, पण मूठ उशिरा मिटायची. सासूबाई बांधावरून ओरडायच्या, "मूठ!" ओरडून ओरडून माझ्या हाताला सवय लावली त्यांनी.

ती उठून बसली. "मग तूबी ओरड की."

"काय ओरडू?"

"इंजन गेलं म्हण. कवाबी. मला न सांगता."

झालं. ती दात घासायली, मी ओरडते, "इंजन गेलं!" ती भाकरी मोडायली, "इंजन गेलं!" आणि तिनं डावा हात खाली न्यायचा. माझा मुलगा म्हणाला, "आधी कुणाचं डोकं गेलं ते बघा." सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आत्याबाई, दूध उतू जायलंय, तुमचं हेलिकॉप्टर जरा उतरवा." पण हात काही ऐकेना. कधी दचकून वर, कधी खाली पण उशिरा. शेवटी तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "सोड आज्जी. खुर्चीत बसून कुठं येतंय का हे?"

तिचं मन दुसरीकडं वळवायला मी तिला सोनपेठच्या बाजाराला नेलं. एसटी भरलेली. ती खिडकीशी, बाहेरचा ऊस बघत. तिच्या तोंडावर जरा उजेड दिसला आणि मला वाटलं, हीच वेळ. आपण कुठं बसलोय याचं भान राहिलं नाही.

"इंजन गेलं!"

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. गाडी धुरळ्यात, रस्त्याच्या कडेला.

"कोण म्हणलं इंजन गेलं?"

"मला मघापासून जळल्याचा वास यायलाय," एक पटकेवाले आजोबा म्हणाले. एका बाईनं तर टोपलंही उचललं.

"तुमचं न्हाई हो दादा, हिचं गेलं," मी म्हणाले.

"हिचं कोणतं इंजन?"

मग काय, मला माझं वाक्य म्हणायला मिळालं. ड्रायव्हरनं वळून तिला नीट बघितलं. "मावशी, पुढल्या टायमाला आधी सांगत चला. लेकरंबाळं हायेत गाडीत." पण गाडी चालू करताना हसत होता.

तेवढ्यात तिनं माझा पदर ओढला. "आज्जी, बघ."

ब्रेक लागला तसे सगळ्यांचे हात वरच्या दांडीला गेले होते. माझासुद्धा. तिचा डावा हात मात्र सीटच्या कडेला, खाली, मूठ आवळून. ती त्या हाताकडं असं बघायली की जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

सुट्टी संपली, ती गेली. सरावाच्या दिवशी मी फोन ओच्यात घेऊन फिरत होते. दुपारी वाजला.

"गेलं होतं इंजन," ती म्हणाली.

"आन् हात?"

"आधीच खाली गेला होता. मला मागून कळलं. सरांनी मांडीवरचे हातसुद्धा उचलले न्हाईत." मग म्हणाली, "आज्जी, उद्या मी एकटी जायलेय."

इतके दिवस मी हेच व्हावं म्हणत होते. पण एकटी म्हणल्यावर मलाच नको वाटायला लागलं. तिला कळू दिलं नाही. एवढंच विचारलं, "बाजूची जागा रिकामीच असती का गं?"

"हां. सरांचं वजन नसतंय, म्हणून यंत्र हलकं होतं. नेहमीएवढा दांडा ओढला की झटकन वर जातं. जपून उचलावं लागतं."

"मग जपून उचल, माय," मी म्हणाले. "घाई न्हाई कसली."