न बघता विकत घेतलेलं चित्र

बोईसरजवळ सरावलीत राहायला आल्यावर मी पुन्हा रंगवायला लागले. नवऱ्याची कारखान्यात पहिली पाळी, त्यामुळे सकाळ माझी एकटीची. सुकी मासळी विकायला शिरगावच्या एक मावशी दारावर येत. एकदा त्यांच्याबरोबर गावी गेले, तेव्हा त्या बांबूंवर बोंबील वाळत घालत होत्या. तेच चित्र मी दोन महिने खपून केलं आणि फोटो इंटरनेटवर टाकला.

तिसऱ्याच दिवशी एकाचा मेसेज आला. चित्र अप्रतिम आहे, बायकोला वाढदिवसाला द्यायचंय. मी किंमत जरा चढीच सांगितली, तो लगेच हो म्हणाला. चित्र केवढं आहे, कॅनव्हासवर आहे की कागदावर, काही विचारलं नाही. आनंदाच्या भरात मला ते खटकलंही नाही.

दुसऱ्या दिवशी पैसे भरल्याच्या पावतीचा फोटो आला. रक्कम किमतीच्या दुप्पट. पाठोपाठ त्याचा फोन, हिंदीत, फार गोड आवाजात. चुकून जास्त गेलेत, वरचे परत पाठवा, कुरियरवाला चित्र न्यायला निघालाय.

मावशी दारात पाटी उतरवत होत्या. मी म्हटलं, "मावशी, तुमचं चित्र विकलं! त्यानं जास्त पैसे पाठवलेत, तेवढे परत करते आणि आलेच."

"पैसं आलं?"

मी पावती दाखवली.

"ह्यो तर फोटू हाय. तुज्या खात्यात आलं का नाय?"

खातं उघडून बघितलं. एक रुपयाही आला नव्हता. तेवढ्यात त्याचा पुन्हा फोन. मावशींना ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला. मी सांगितलं, "पैसे खात्यात दिसल्याशिवाय काही पाठवणार नाही." तो चिडला, पोलिसांची भीती घालायला लागला. मी विचारलं, "चित्रात काय आहे, सांगा बरं?"

"फूल हैं ना, मॅडम?"

मी फोन ठेवला, नंबर ब्लॉक केला आणि सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवली. मावशी हसून हसून खाली बसल्या. "माज्या बोंबलांना फुलं म्हनतो मेला!" मलाही हसू आलं. पण आत कुठेतरी लागलं होतं. त्यानं चित्र बघितलंच नव्हतं.

पुढे ते चित्र पालघरच्या एका बाईंनी घेतलं. घेण्याआधी त्यांनी मला प्रश्नांनी भंडावून सोडलं. उजेड कुठल्या बाजूचा? कडा रंगवल्यात का? व्हिडिओवर दाखवाल? प्रत्येक प्रश्नाला मला बरं वाटत गेलं. पैसे खात्यात आले, मगच मी चित्र बांधलं.

आता बोईसरमधल्या आम्ही चौघी चित्रं विकणाऱ्या बायका एकमेकींना विचारल्याशिवाय नव्या गिऱ्हाइकाला होकार देत नाही. गेल्या महिन्यात एकीचा घाईघाईत फोन आला. "तो म्हणतोय, पैसे मिळायला कोड स्कॅन करून पिन टाका."

"पैसे घ्यायला पिन लागत नाही गं. टाकू नकोस."

पाच मिनिटांनी तिचा पुन्हा फोन. "हाकललं त्याला. चहा टाकलाय, ये."