सनाबिसच्या फ्लॅटमधला हिमदंश

आमच्या घरात देव नव्हते, त्यामुळे भूतंही नव्हती. वडील रेल्वेत फिटर, धम्म घेतलेले. गल्लीत कुणाच्या अंगात आलं, कुणाला काही दिसलं, असं कुणी सांगत आलं की ते पेपर खाली न ठेवता एवढंच विचारायचे, "डॉक्टरला दाखवलं का?" मी त्याच तालमीत वाढलो. पुढे इलेक्ट्रिकल इंजिनीअर झालो, म्हणजे उरलीसुरली शक्यताही गेली. या सदरातले अनुभव मी वाचतो ते करमणूक म्हणून. आज स्वतः लिहायला बसलोय, आणि खरं सांगतो, लिहितानाही फारसं काही वाटत नाहीये. जे झालं ते झालं तसं लिहितो, बस.

नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. आम्ही बहारीनला होतो. मी अस्करजवळच्या अ‍ॅल्युमिनियम प्लांटमध्ये मेंटेनन्सला, माझी बायको सुलभा अदलियाला एका छोट्या ऑफिसात टायपिस्ट, आणि मुलगी नेहा शाळेच्या शेवटच्या वर्षांत. सनाबिसला दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट होता. लांबट पॅसेज, एका टोकाला बेडरूम, दुसऱ्या टोकाला किचन. हा पॅसेज लक्षात ठेवा.

मी मूळचा नाशिकचा. कॉलेजपासून डोंगरात. सह्याद्रीतले कडे, मग हिमालय, मग मनालीला स्कीइंगचा कोर्स... आणि मग नोकरी, लग्न, आखात. बहारीनमध्ये डोंगर म्हणजे जबल दुखान. आमच्याकडे त्याला कुणी टेकाडही म्हणणार नाही. तरी दर शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी पाठीवर पाण्याचे कॅन भरलेली सॅक घेऊन मी त्याच्याभोवती चकरा मारायचो. पन्नाशी ओलांडली होती. डावा गुडघा कुरकुरायचा. प्लांटमधले लोक हसायचे.

प्लांटमध्ये अँटॉन नावाचा एक ऑस्ट्रियन इंजिनीअर होता. कॉन्ट्रॅक्ट संपवून जाताना त्याने त्याच्या टूरिंगच्या स्की मला देऊन टाकल्या. या स्की साध्या स्कीपेक्षा वेगळ्या. चढताना टाच मोकळी राहते, आणि तळाला केसाळ पट्ट्या चिकटवल्या की स्की मागे घसरत नाही. त्यामुळे लिफ्ट नको, रस्ता नको. आपणच बर्फातून चालत खिंडीपर्यंत चढायचं, पट्ट्या सोलून काढायच्या, टाच अडकवायची आणि खाली घसरत यायचं. वर्षभर त्या स्की आमच्या कपाटामागे उभ्या होत्या. बाहेर पंचेचाळीस डिग्री.

नाशिकचा माझा जुना जोडीदार अरविंद फोनवर म्हणाला, "आता नाही केलं तर कधीच होणार नाही. गुडघे काय थांबणारेत का आपल्यासाठी?" मार्चमध्ये लीव्ह मिळाली.

सुलभाला डोंगर आवडत नव्हते. ती भांडली नाही. आमच्यात तेव्हा भांडण होण्याइतकंही बोलणं उरलं नव्हतं. वाईट काही झालं नव्हतं. वीस वर्षांत आवाज हळूहळू कमी होत गेला, इतकंच. सॅक भरताना ती दारात उभी राहून म्हणाली, "जा. पण आल्यावर मला फोटो दाखवू नका."

"बरं," मी म्हणालो.

मनालीजवळच्या सोलंगच्या वर दोन दिवस चढून आम्ही मेंढपाळांच्या एका दगडी झोपडीत मुक्काम केला. हिवाळ्यात ती रिकामीच असते. शुक्रवारी सकाळी तिथून वरच्या खिंडीकडे निघालो. आकाश स्वच्छ. एका लयीत स्की सरकवत चढत होतो. श्वास, काठी, पाऊल... मला वाटतं तो माझ्या आयुष्यातला शेवटचा चांगला चढ होता. खिंडीत पोचायला दुपार झाली. पट्ट्या काढेपर्यंत पश्चिमेकडून ढग आले. आणि हिमालयात ढग येतात म्हणजे येतातच.

"पुढे मी जातो, माझ्या खुणेवरून ये," अरविंद ओरडला आणि निघाला. दोन वळणांनंतर मला तो दिसेनासा झाला. मग त्याची खूणही दिसेना. मग माझ्याच स्कीची टोकं दिसेनात. सगळं पांढरं. वर, खाली, उतार, काहीच कळेना. मी बहुतेक एखाद्या उंचवट्यावरून गेलो आणि पडलो. डाव्या स्कीचं बूट धरून ठेवणारं बाइंडिंग तुटलं, स्की घसरत कुठेतरी निघून गेली. डाव्या बुटाची बकलंही उघडली होती, आत बर्फ ठासून भरलं.

उजवी स्की सॅकला बांधली आणि चालायला लागलो. मांडीपर्यंत पाय रुतायचा. अरविंदला हाका मारल्या. वाऱ्यात मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. बुटात बर्फ होतं हे आधी खूप टोचत होतं. मग टोचायचं थांबलं. डावा पाय घोट्याखाली आहे की नाही हे बघूनच कळत होतं.

मी खाली बसलो. आता लोक विचारतात, तेव्हा काय वाटलं? काही नाही. नेहा आठवली नाही, आई-वडील आठवले नाहीत. ऑफिसातून आल्यावर सोफ्यावर बसतो तसा बसलो होतो. छान वाटत होतं असंही नाही. बसलो होतो.

"उठा ना. किती वेळ?"

मान वर केली. दहा-बारा फुटांवर सुलभा पाठमोरी उभी होती. घरातला गाऊन, निळ्या फुलांचा. केस धुतलेले, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. पायात काहीच नाही. मला आश्चर्यही वाटलं नाही. रोज सकाळी ती चहा ठेवून ज्या वैतागलेल्या आवाजात हाक मारते, तोच आवाज होता.

मी उठलो. ती चालायला लागली. मी तिच्या मागे. ती रुतत नव्हती असं नाही, घोट्यापर्यंत रुतत होती. मी थांबलो की तीही थांबायची, मागे न बघता म्हणायची, "उठा ना," मी बसलेला नसलो तरी. एका ठिकाणी मी सरळ जात होतो, ती उजवीकडे वळली. मीही वळलो. असं किती वेळ चाललं, सांगता येणार नाही. मग धुराचा वास आला, मग झोपडीची भिंत आली. अरविंद दारात डबा वाजवत उभा होता. मी पुढे बघितलं. ती नव्हती.

अरविंदने मला आत ओढलं. "कुणाशी बोलत होतास?" त्याने विचारलं.

"सुलभाशी."

तो माझे बूट काढायला लागला. डावा बूट काढताना त्याने तोंड बाजूला केलं होतं, आत काय दिसणार हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्याने बुटातून मूठ-मूठ बर्फ काढलं, भिजलेला मोजा सोलला... पाय गुलाबी. बोटं गुलाबी. नुकत्याच आंघोळ घातलेल्या बाळाच्या असतात तशी. गरम होती.

"हे कसं काय?" अरविंद म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आभाळ उघडलं तेव्हा मांडीभर खोल उमटलेली माझी वाट तेवढी दिसत होती. झोपडीच्या थोडं वर ती काटकोनात वळली होती. जिथून वळली होती त्याच्या पुढे घळ होती, सरळ खाली. रात्री वारा सुटलेला, वरून ताजं बर्फ पडलेलं. दुसऱ्या कुणाच्या पावलांच्या खुणा होत्या का ते कळायला मार्ग नव्हता. मी बघितलंही नाही नीट.

तोपर्यंत माझ्याकडे उत्तर होतं. उंची, थकवा, थंडी. अशा वेळी मेंदू माणसं उभी करतो, गिर्यारोहकांना हे माहीत असतं. पायाचं काय, तर नशीब. मला त्यात काही अमानवीय वाटलं नाही.

मनालीला उतरल्यावर आयएसडी बूथवरून घरी फोन लावला. नेहाने उचलला.

"पप्पा, कम होम." मग रडायलाच लागली. "मम्मी हॉस्पिटलमध्ये आहे. हर फीट..."

बहारीनला पोचलो तो थेट हॉस्पिटलमध्ये गेलो. सुलभा झोपली होती, दोन्ही पाय बँडेजमध्ये. डॉक्टर बहारीनी होते, मृदू बोलणारे. ते इंग्रजीत म्हणाले, "हा हिमदंश आहे. युरोपात शिकत होतो तेव्हा असे पाय बघितले होते. इथे कधीच नाही. तुमच्या मिसेस कुठल्या कोल्ड स्टोअरमध्ये काम करतात का? मी विचारलं तर त्या म्हणाल्या, कोल्ड स्टोअरमध्ये रोज जाते."

तिकडे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानालाच कोल्ड स्टोअर म्हणतात. ती तिथे दूध आणि खुबूसच्या रोट्या आणायला जायची. एरवी हसलो असतो.

"मग गॅस? फ्रीजचा, एसीचा गॅस पायावर उडाला असेल?" डॉक्टरांनी विचारलं.

"बघतो," मी म्हणालो.

मग कॉरिडॉरमध्ये नेहाने सांगितलं ते असं. शुक्रवारची गोष्ट. मशिदीतून जुम्म्याचा खुतबा, दुपारच्या नमाजाआधीचं प्रवचन, ऐकू येत होता. म्हणजे तिकडे भारतात दुपार कलायला लागली होती, मी खिंडीखाली होतो. सुलभा केस धुऊन जरा पडते म्हणून बेडरूममध्ये गेली. थोड्या वेळाने पॅसेजमध्ये आली आणि चालायला लागली. बेडरूमपासून किचनपर्यंत, किचनपासून बेडरूमपर्यंत.

"आय थॉट शी वॉज स्लीपवॉकिंग," नेहा म्हणाली. "मी मम्मी, मम्मी केलं. तिने बघितलंच नाही. मग थांबायची आणि म्हणायची, उठा ना. अगेन अँड अगेन. पप्पा, मी बसलेलीच नव्हते!"

"काय घातलं होतं तिने?"

"व्हॉट? तो निळा गाऊन. टॉवेल होता केसांना. व्हाय?"

झोपडीतल्या रात्री मी अरविंदला गाऊनचं सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

"फरशी ओली होत होती," नेहा पुढे म्हणाली. "जिथे पाय ठेवायची तिथे पाणी. मग ती एकदम खाली पडली. मी तिचे पाय धरले. दे वेअर लाइक... फ्रीजरमधल्या चिकनसारखे. पांढरे, कडक. मी मांडीवर घेऊन चोळत बसले आणि तिला हाका मारत राहिले. शेजारच्या आंटी आल्या, त्यांनी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली."

घरी जाऊन मी फ्रीज ओढून मागून बघितला. दोन्ही एसी उघडले. मार्च होता, एसी अजून लावलेही नव्हते. गॅसचं प्रेशर बरोबर होतं, कुठे गळती नाही, तेलाचा डाग नाही. प्लांटमधून मीटर आणून पॅसेज तपासला. काय तपासत होतो ते मलाही माहीत नव्हतं. पॅसेज होता. फरशी होती.

उजवा पाय वाचला. डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली, ती काढावी लागली. ऑपरेशन झालं त्या दिवशी मी तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं. पडलो, बसलो, ती दिसली, वळली. ती छताकडे बघत ऐकत होती.

"तुला काही आठवतं?" मी विचारलं.

"तुमचा राग आलेला आठवतो," ती म्हणाली. "चहा गार होत होता आणि तुम्ही उठत नव्हतात."

"बर्फ?"

"बर्फ नाही. चहा." मग म्हणाली, "दुखत नव्हतं हो. काहीच कळत नव्हतं पायाला. आत्ताही कळत नाही."

उरलेल्या तीन बोटांना अजूनही कळत नाही. स्टूल आपटलं, गरम पाणी सांडलं, तिला समजत नाही. मी तिच्या पायाकडे बघत असतो. उरलेली एक स्की मी प्लांटमधल्या कुणाला तरी दिली, भिंतीवर लावायला. यापुढे जाऊ नका असं सुलभाने म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मी डोंगरात परत गेलो नाही. त्याचंही दुःख वगैरे वाटलं नाही.

नेहाने नंतर डॉक्टरकीला जायचा हट्ट धरला आणि गेली. तिने खूप वाचलं, तिच्या प्रोफेसरांना विचारलं. झोपेत चालणं समजतं, माझा भास समजतो. दोन वेगवेगळ्या खोक्यांत दोन्ही ठेवता येतात. गाऊन कुठल्या खोक्यात ठेवायचा ते कुणी सांगितलं नाही. आणि बोटं तर काढून टाकलेली आहेत, ती कुठल्याच खोक्यात नाहीत.

बहारीन सोडायच्या आधीची एक संध्याकाळ सांगतो आणि थांबतो. पॅकिंग चाललं होतं. सुलभा पॅसेजमध्ये एका खोक्यावर बसून वर्तमानपत्रात कप गुंडाळत होती. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नव्हतो. ती अचानक म्हणाली, "एक विचारू?"

"विचार."

"त्या झोपडीपाशी तुम्ही पोचलात. मग मी दिसले नाही, असं म्हणालात ना?"

"हो."

"तुम्ही शोधलंत मला?"

"नाही," मी म्हणालो. "अरविंदने आत ओढलं."

तिने मान हलवली. रागावली नव्हती, फक्त ऐकून घेतलं. आणखी एक कप गुंडाळला.

"तुम्हाला तिथवर मी आणलं," ती म्हणाली. "मग मला तिथून कुणी आणलं?"

मी पॅसेजच्या दुसऱ्या टोकाकडे बघत राहिलो. आज इतक्या वर्षांनी हे लिहितोय, शेजारच्या खोलीत ती झोपलीय, आणि मी मधूनच उठून तिचा पाय गरम आहे ना ते बघून येतो.