चुंबकाच्या खुर्चीत

धाकट्या बहिणीला नैराश्यावरची औषधं लागू पडेनात, तेव्हा डॉक्टरांनी डोक्याला चुंबकाचे ठोके द्यायचं ठरवलं. भूल नाही, कापाकापी नाही. खुर्चीत बसायचं आणि महिनाभर रोज यायचं. तिला अंथरुणातून उठवणं हेच मोठं काम होतं. ते मी अंगावर घेतलं. नाशिक रोडहून स्कूटरवर मागे बसवून न्यायचे.

पहिल्या दिवशी आई सायखेड्याहून मुद्दाम आली. मशीन चालवणारी मुलगी म्हणाली, "गळ्यात, कानात, नाकात धातू नको." बहिणीने मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं. आई भडकली.

"नवरा जिता हाय अन् गळा उघडा?"

"मी आहे की इथंच, सासूबाई," बहिणीचा नवरा म्हणाला. "खात्री नसेल तर चिमटा काढून बघा."

एरवी यावर बहीणच सगळ्यांत आधी हसली असती.

वाद घालत बसायला वेळ नव्हता. मंगळसूत्र तुटलं की आमच्याकडे हळकुंड बांधतात. समोरच्या किराणा दुकानातून हळकुंड आणि दोरा आणला. आईने तो पिवळा करून बांधला. बहिणीने शाळेत जाणाऱ्या मुलीसारखी हनुवटी वर केली, एवढंच.

मशीन टकटकलं आणि तिचा अंगठा उडाला. आईने हात जोडले.

"हलला गं! गुण आला!"

"नाही आजी," मुलगी म्हणाली. "जोर किती ठेवायचा ते यावरून कळतं. माझाही असाच हलेल."

आई गावी परतली, पण फोनवर रोज एकच विचारायची, "हसली का?" मला खोटं बोलता येत नाही. "नाही. अर्धी पोळी खाल्ली," मी सांगायचे. तिकडून फोन ठेवल्याचा आवाज यायचा.

उपचार संपले त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, काहींना उशिरा फरक पडतो, थोडं थांबून बघू. काहींना पडतच नाही, हे मी विचारल्यावरच सांगितलं.

बाहेर बहिणीने विचारलं, "ताई, उद्या यायचं नाही?"

"नाही."

"मग आता काय राहिलं?"

मी हेल्मेटचा पट्टा लावला. "उद्या नऊला तयार राहा. मी येतेय."

"कुठे जायचं?"

"ते उद्या बघू."

"बरं," म्हणाली आणि मागे बसली. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.