पाण्याला बसायला लावणारे मुकादम

आमच्या मुकादमांशी उभ्याने बोलायची सोयच नव्हती! मोठे साहेब येवोत, झाडूवाला येवो, नाहीतर शिव्या घालायला आलेला चाळकरी. मुकादम आधी धोतराच्या सोग्याने बाकडं पुसणार, चहा सांगणार आणि मगच "बोला" म्हणणार. मूळचे मालवणकडचे. "इल्या पावण्याक उभ्यान धाडुचा नाय, सायबानू," असं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मला वाटलं, कामचुकारपणाला बरं निमित्त सापडलंय!

सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी नवाकोरा इंजिनियर आणि डोक्यात राख घालायला कायम तयार. डोंगरावरचं आणि नव्या वसाहतींचं पावसाचं पाणी एकदम ओढ्यात घुसू नये म्हणून मुलुंडला पालिकेने एक तलाव खणला होता. पाणी त्यात थोपवायचं आणि हळूहळू ओढ्यात सोडायचं. ते सोडायचा पाइप मी बसवला, तोही तळाशी आणि चांगला रुंद. का, तर तलाव झटपट रिकामा व्हावा! एका पावसात वाट लागली. आलेलं पाणी गाळासकट धाडकन ओढ्यात गेलं. काठ खचले, मासे मेले, आणि ओढ्याकाठी अळू लावून पोट भरणाऱ्या बायकांचे वाफे चिखलाखाली गेले. त्या बायकांनी कचेरीत येऊन मला असं काही झाडलं म्हणता! मुकादमांनी त्यांनाही बसवलं, चहा पाजला.

त्या गेल्यावर त्यांनी तलावातल्या लाल पाण्याची एक बाटली माझ्या टेबलावर ठेवली. "हात लावू नकात." दुपारी डबा खाऊन येतो तर काय, गाळ तळाला आणि वर पाणी नितळ!

"तुमचो पाइप पाण्याक उभ्याउभ्याच घालवता, सायबानू. वायंच बसूक देवा त्येका."

त्यांचा उपाय साधा होता. पाइपाच्या तोंडाशी खाचा करायच्या, त्यांत एकावर एक फळ्या बसवायच्या. पाणी थांबेल, गाळ खाली बसेल. मग वरून एकेक फळी काढत गेलं की नितळ तेवढंच ओढ्यात जाईल.

"आणि तलाव भरलेला असताना पुन्हा पाऊस आला तर?" मी ओरडलोच. "बाजूची चाळ बुडेल, माझी नोकरी जाईल!"

"माझी पण जातली. मी थंयच बसतंय."

मी कुरकुरत सही केली आणि फळ्या बसल्या.

श्रावणातल्या एका सकाळी पाऊस जो लागला तो थांबेचना. थांबला तेव्हा तलावाचं पाणी चाळीच्या दुसऱ्या पायरीला लागलं होतं आणि डोंगरावर पुन्हा काळं दाटलं होतं. मुकादम बांधावर स्टूल टाकून बसलेले, हातात तलावाच्या पाण्याची बाटली.

"काढा फळ्या!" मी किंचाळलो.

"थांबा. अजून गाळ बसूक नाय."

"अहो मुकादम, लोक बुडतील!"

त्यांनी बाटली डोळ्यांसमोर धरली. चाळीतली माणसं ट्रंका डोक्यावर घेऊन दारात उभी. आणि मग मुकादम ताडकन उठले, "आता!"

आम्ही दोघांनी वरची फळी उपसली. मग दुसरी, मग तिसरी. फळ्यांवरून पाणी उतरलं ते काचेसारखं! दोन तासांत पायऱ्या मोकळ्या झाल्या. आम्ही फळ्या परत बसवल्या. संध्याकाळी पुन्हा कोसळला तेव्हा पाणी परत चढत चढत आलं आणि त्याच दुसऱ्या पायरीवर थांबलं. मी तसाच ओढ्याकडे धावत सुटलो. काठ शाबूत! अळू उभं! त्या बायकांसमोर भर पावसात मी नाचलो, खोटं कशाला सांगू. "येडा झाला गं साहेब," म्हणून त्या खिदळत होत्या. मुकादमांनी मात्र मला बांधावर बसवून आधी चहा पाजला. त्या दिवसापासून फळ्या कधी काढायच्या हे मी त्यांना सांगितलं नाही, विचारलं.

दोन वर्षांनी ते निवृत्त होऊन गावाला निघाले. निरोपाला मी स्वतः त्यांचं बाकडं पुसलं, चहा मांडला.

"बसा ना, मुकादम."

त्यांनी ती बाटली माझ्या हातात दिली. त्यांचे डोळे भरले होते.

"नको, सायबानू. आता बसलंय तर उठूचंय नाय."

आणि कुणाला कधी उभ्याने जाऊ न देणारा तो माणूस उभ्याउभ्याच निघून गेला. चहा बाकड्यावर तसाच राहिला.