वेचून ठेवलेले दाणे

नाटकात मला कधी मोठी भूमिका मिळाली नाही. ती हौस मी सर्वेक्षणात भागवून घेतली.

नव्वदच्या दशकात आम्ही सांगलीहून वडूजकडच्या एका गावात रक्ताचे नमुने घ्यायला जायचो. शेंगदाण्यावर बुरशी धरली की विष तयार होतं. ते पोटात गेलं की रक्तातल्या प्रथिनाला चिकटतं आणि दोन-तीन महिने मुक्काम ठोकतं. “माणूस खाल्लेलं विसरेल, रक्त विसरत नाही!” हे मी पारावर हात उंचावून सांगायचो.

नमुन्याबरोबर एक प्रश्नावली असे. तिचं मराठी माझं. ‘आपण बुरशीग्रस्त शेंगदाणे सेवन करता काय?’ या वाक्यावर तर मी फार खूश होतो.

एका घरच्या सुनेनं ‘न्हाई’ सांगितलं आणि भाजलेल्या दाण्यांची ताटली पुढं ठेवली. टपोरे, खमंग दाणे. मी दोनदा मागून घेतले.

काही महिन्यांनी निकाल आले. गावात सगळ्यात जास्त विष तिच्याच रक्तात. चोर सापडलेल्या फौजदाराच्या थाटात मी तिच्या अंगणात शिरलो. सासू आणि शेजारणी शेंगा फोडत बसल्या होत्या. सुनेला बाजूला घेऊन सांगायचं, हे मला कळत होतं. पण प्रेक्षक दिसले.

“वहिनी, तुमी न्हाई म्हणालात, पण तुमचं रक्त व्हय म्हणतंय.”

शेजारणी हसल्या. चोरून काय खाल्लंस गं, असं सासूनं विचारलं. सुनेचा चेहरा उतरला. ती आत गेली आणि एक डबा घेऊन आली. त्यात काळपट, सुरकुतलेले दाणे होते.

“चांगलं वेचून पाव्हण्याला ठेवतो. ह्ये धुऊन, भाजून आमच्या चटणीला. लसूण घातला की कडू लागत न्हाई. ह्याला म्हणत्यात व्हय ते तुमचं बुरशीग्रस्त? मला वाटलं, बियाला औषध चोळत्यात, ते दाणं. ते कोण खाईल, साहेब?”

म्हणजे ते टपोरे दाणे मी खाल्ले होते. दोनदा.

धुऊन-भाजून हे विष जात नाही, काळे दाणे टाकून द्या, एवढं मी साध्या मराठीत कसंबसं सांगितलं. सासूनं डबा उकिरड्यावर रिकामा केला. सून खोटं बोलली नव्हती, हे सगळ्यांसमोर म्हणायचं राहिलं होतं. तेवढं एकच वाक्य. एरवी पारावर गर्जणारा मी, माझ्या तोंडून ते निघेना.

मी निघताना सुनेनं रिवाजाप्रमाणं ताटली पुढं केली. वेचलेल्या दाण्यांचीच.